नेरळला सरपंच, माथेरानला नगराध्यक्ष: कर्जत-खालापुरात कुणाच्या मताला किती वजन?

नेरळ स्टेशनवरून मिनी ट्रेनने वर गेलं की माथेरान लागतं. २०११ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या होती ४,३९३. तरीही तिथे नगरपरिषद आहे, नगराध्यक्ष आहे आणि २० नगरसेवक आहेत. खाली नेरळमध्ये माणसं त्याहून कितीतरी जास्त आहेत. मुंबईची लोकल आहे, मोठी बाजारपेठ आहे, एकामागून एक इमारती उभ्या राहिल्या आहेत. पण तिथला कारभार ग्रामपंचायत बघते आणि तिचे सदस्य आहेत १७.

एकाच तालुक्यात, एकाच डोंगराच्या वर आणि खाली इतका फरक कसा? याचं उत्तर शोधताना लक्षात येतं की मतदान केंद्रात जाण्याआधीच मताचं बरंचसं वजन ठरलेलं असतं.

किती प्रकारच्या संस्था?

कर्जत आणि खालापूर या रायगडच्या दोन शेजारी तालुक्यांत स्थानिक स्वराज्याचे जवळपास सगळे प्रकार सापडतात. कर्जत, खोपोली आणि माथेरान इथे नगरपरिषदा आहेत. खालापूरला नगरपंचायत आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचं धोरण राज्य सरकारने २०१४ मध्ये घेतलं, त्यातून ती आली. नेरळसह बाकीची गावं ग्रामपंचायतींत आहेत आणि त्यांच्यावर पंचायत समिती व अलिबागची जिल्हा परिषद.

माथेरानची गोष्ट वेगळी. इंग्रजांनी वसवलेल्या या थंड हवेच्या ठिकाणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून नगरपालिका आहे. नगरपरिषदेसाठी लागणारी लोकसंख्येची अट कायद्याने गिरिस्थानांना लावलेली नाही. म्हणून चार-साडेचार हजारांचं गाव नागरी राहिलं आणि पायथ्याचं नेरळ ग्रामीण.

नगरसेवकांची संख्या कशी ठरते?

महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ मध्ये त्याचं गणित दिलेलं आहे. ही संख्या २०२२ मध्ये वाढवण्यात आली. ‘क’ वर्ग नगरपरिषदेत किमान २० नगरसेवक असतात आणि २५ हजारांच्या वर दर तीन हजारांमागे एक वाढतो. ‘ब’ वर्गात किमान २५ असतात आणि ४० हजारांच्या वर दर पाच हजारांमागे एक वाढतो.

कर्जत शहराची २०११ ची लोकसंख्या २९,६६३. म्हणून नगरसेवक २१. खोपोलीची ७१,१४१, म्हणून ३१. आता भागाकार करून पाहा. माथेरानमध्ये एका नगरसेवकामागे सुमारे २२० माणसं येतात, कर्जतमध्ये सुमारे १,४१० आणि खोपोलीत सुमारे २,३००. मुंबई महापालिकेत हाच आकडा ५५ हजारांच्या घरात जातो.

ग्रामपंचायतीचं गणित वेगळं आहे. लोकसंख्या साडेसात हजारांच्या वर गेली की सदस्य १७, आणि तिथेच मर्यादा. गाव दुप्पट झालं, तिप्पट झालं तरी अठरावा सदस्य मिळत नाही. नेरळसारखं गाव जितकं वाढेल, तितकी एका सदस्यामागची माणसं वाढत जातात.

एका मतदाराला किती मतं?

नगरपरिषदेत एका प्रभागातून दोन नगरसेवक निवडले जातात. जागांची संख्या विषम असेल तर एका प्रभागात तीन. त्यामुळे कर्जत किंवा खोपोलीतल्या बहुतेक मतदारांना तीन मतं देता येतात: दोन नगरसेवकांसाठी, एक थेट नगराध्यक्षासाठी. नगरपंचायतीत १७ प्रभाग असतात आणि प्रत्येकातून एकच जण निवडला जातो.

गावातला मतदार प्रभागातल्या दोन किंवा तीन सदस्यांसाठी आणि थेट सरपंचासाठी मत देतो. शिवाय पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्यासाठीही एकेक मत असतं. शहरातल्या मतदाराला ही शेवटची दोन मतं नसतात. म्हणजे नेरळचा माणूस अलिबागला आपला प्रतिनिधी पाठवतो, कर्जत शहरातला पाठवत नाही.

नगराध्यक्षाच्या निवडीचा नियम मात्र सारखा बदलत आला आहे. २०१६ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. खालापूर नगरपंचायतीचे सध्याचे नगरसेवक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ च्या मतदानातून आले, तेव्हा नगराध्यक्ष नगरसेवकांनी निवडला. सध्याच्या कायद्यानुसार पुढच्या वेळी ती निवड थेट मतदार करतील.

प्रभागाची रेषा का महत्त्वाची?

प्रभागांची लोकसंख्या सरासरीच्या साधारण दहा टक्के कमी-जास्त चालते. त्या चौकटीत रेषा कुठून जाते यावर बरंच काही ठरतं. एखादी आदिवासी वाडी मोठ्या गावाच्या प्रभागाला जोडली की तिची मतं गावच्या मतांत विरून जातात. आजूबाजूच्या वाड्या एका प्रभागात आल्या तर त्यांच्यातला माणूस निवडून येऊ शकतो.

कर्जत-खालापुरात ठाकर आणि कातकरी वस्ती मोठी आहे. पण रायगड जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात येत नाही. त्यामुळे पालघर किंवा गडचिरोलीतल्या अनुसूचित गावांना मिळणारे ‘पेसा’ कायद्याचे ग्रामसभेचे खास अधिकार इथल्या वाड्यांना नाहीत. त्यांच्या हातात राहतात त्या लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव होणाऱ्या जागा, आणि त्या फिरत्या असतात. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. कोणती जागा कुणासाठी, हे ठरवताना चिठ्ठी काढून सोडतही होते.

आकडा २०११ चा, वस्ती आजची

राज्यात ओबीसी आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेचा घोळ यांमुळे नगरपरिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या. तोवर कारभार प्रशासकांकडे होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिला. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं आणि २१ डिसेंबरला निकाल लागला. पण नगरसेवकांची संख्या आणि प्रभाग ठरले ते २०११ च्या जनगणनेवरच, कारण त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.

या मधल्या काळात कर्जत-नेरळ पट्ट्यात गृहसंकुलं वाढली. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाच्या कामानेही त्यात भर घातली. नवे रहिवासी पाणी वापरतात, कचरा करतात, घरपट्टी भरतात. जागांच्या हिशेबात मात्र ते अजून धरलेले नाहीत.

त्यातले अनेक जण मतदार यादीतही नाहीत. स्थानिक निवडणुकीसाठी वेगळी नोंदणी होत नाही. विधानसभेची यादीच प्रभागनिहाय फोडून वापरली जाते. डोंबिवलीहून कर्जतला राहायला आलेल्या माणसाचं नाव जुन्या पत्त्यावरच असेल, तर तो इथल्या नगरसेवकाला मत देऊ शकत नाही. शनिवार-रविवारपुरतं घर घेतलेल्यांचा प्रश्न वेगळा. कायदा ‘सर्वसाधारणपणे राहण्याचं ठिकाण’ बघतो. नुसती घराची मालकी पुरत नाही.

नेरळला नगरपरिषद झाली तर?

सदस्य वाढतील आणि मुख्याधिकारी येईल. पण त्याबरोबर काही गोष्टी जातीलही. ग्रामसभा संपेल, जिथे प्रत्येक मतदार सदस्य असतो आणि वर्षातून किमान चार वेळा सरपंचाला समोर बसवून हिशेब विचारू शकतो. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेतलं मत जाईल. ग्रामीण भागासाठीच्या योजना बंद होतील आणि कर वाढण्याची शक्यता राहील. म्हणून गाव मोठं झालं की शहर व्हावंच, असं सगळ्यांना वाटत नाही.

नागरिकाच्या हातात काय?

निवडणुकीच्या काही आठवडे किंवा महिने आधी दोन प्रारूपं जाहीर होतात: प्रभागरचनेचं आणि प्रभागनिहाय मतदार यादीचं. दोन्हींवर हरकती नोंदवण्यासाठी मुदत असते, बहुतेकदा थोड्या दिवसांची. आपली वाडी कोणत्या प्रभागात गेली, आपलं नाव शेजारच्या प्रभागात तर पडलं नाही ना, हे तपासायची वेळ तीच. माथेरानमध्ये एका नगरसेवकामागे सव्वादोनशे माणसंही नाहीत. अशा ठिकाणी चुकीच्या प्रभागात गेलेल्या दहा-वीस नावांनीही निकाल फिरू शकतो. प्रचार सुरू झाल्यावर ही चूक दिसली तर दुरुस्तीची मुदत उलटून गेलेली असते.