भूकंपाची शीघ्र पूर्वसूचना आणि तिची कसोटी

भूकंपाचे भाकीत आणि भूकंपाची पूर्वसूचना या दोन संज्ञांची पुष्कळदा गल्लत केली जाते. भाकीत हे व्हावयाच्या भूकंपाविषयी असते, व ते विश्वसनीयपणे करण्याचे साधन आजही शास्त्राच्या हाती नाही. पूर्वसूचना ही सुरू झालेल्या भूकंपाविषयी असते. तीतील ‘पूर्व’ हे पद भूकंपास नव्हे, तर दूरस्थ गावी अद्याप न पोहोचलेल्या हादऱ्यास उद्देशून योजलेले आहे.

भूकवचातून प्राथमिक तरंग सेकंदास सुमारे ६ किलोमीटर, तर अधिक विध्वंसक असे दुय्यम तरंग सुमारे ३.५ किलोमीटर वेगाने जातात. विद्युत्संदेशाचा वेग या दोहोंहून कितीतरी अधिक. उगमानजीकच्या यंत्रांनी पहिले तरंग टिपले व भूकंपारंभापासून ५ सेकंदांत सूचना निघाली, असे मानू. उगमापासून १०० किलोमीटरवरील नगरास सुमारे २३ सेकंद मिळतील. ३० किलोमीटरवरील गावास साडेतीन सेकंद. आणि १५ किलोमीटरवरील वस्तीस काहीच नाही, कारण तेथे हादरा सूचनेच्या आधीच पोहोचलेला असेल. ज्यांना सूचनेची गरज सर्वाधिक, त्यांनाच ती मिळत नाही, ही या पद्धतीची मूलभूत मर्यादा होय.

अशा पद्धतीची परीक्षा दोन प्रकारे घेतात. पहिल्या प्रकारात जुन्या भूकंपांच्या नोंदी, जणू त्या आताच येत आहेत अशा रीतीने, क्षणाक्रमाने पुरविल्या जातात. येथे पथ्य एकच, पण कडक: त्या क्षणापर्यंत जे ज्ञात होते तेवढ्यावरच निर्णय झाला पाहिजे. संदेशवहनातील विलंब वगळला, तरी निकाल खोटा उजळ दिसतो. दुसऱ्या प्रकारात पद्धत चालू वेधांवर, परंतु मूकपणे, राबवितात. सूचना निघते, मात्र ती लोकांपर्यंत जाऊ दिली जात नाही. भूकंपाविना गेलेले दिवसही येथे परीक्षेचेच असतात, कारण यंत्रातील बिघाड वा दूरदेशीच्या भूकंपाचे तरंग यांनी पद्धत फसते की नाही, हे त्याच दिवशी कळते. इशाऱ्याची मर्यादा खाली आणावी तर खोटे इशारे वाढतात, वर न्यावी तर खरे इशारे हुकतात. आणि अधिक खात्रीसाठी थांबावे तर सेकंद निसटतात.

या कसोटीचे सर्वांत बोधप्रद उदाहरण जपानचे आहे. तेथील हवामान खात्याने १ ऑक्टोबर २००७ पासून सर्व जनतेस अशी सूचना देण्यास आरंभ केला. ११ मार्च २०११ रोजीच्या महाभूकंपात पहिल्या यंत्राने तरंग टिपल्यापासून ८.६ सेकंदांत तोहोकु विभागास इशारा गेला. तथापि प्रस्तरभंग अद्याप पसरतच होता. त्या क्षणी भूकंपाची महत्ता ७.२ इतकीच अंदाजिली गेली, पुढे तो अंदाज ८.१ वर थांबला. प्रत्यक्ष महत्ता ९.० होती. परिणामी कांतो विभागास जोरदार हादरा बसूनही जनतेसाठीचा इशारा त्या विभागासाठी निघाला नाही. पुढील काळात एकाच वेळी झालेले दोन लहान भूकंप एकच मोठा भूकंप समजले जाऊन खोटे इशारेही गेले.

या अनुभवानंतर मार्च २०१८ मध्ये एका पूरक पद्धतीची जोड देण्यात आली. तीत उगम व महत्ता यांचा अंदाज न करता, सभोवतीच्या सुमारे ३० किलोमीटरांत प्रत्यक्ष मोजलेल्या हादऱ्यावरूनच त्या ठिकाणच्या हादऱ्याचे अनुमान केले जाते. प्रस्तरभंग कितीही लांबवर गेला तरी ही पद्धत सहसा चकत नाही. मात्र तिने मिळणारा अवधी अल्प असतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ज्या जातीचा भूकंप नोंदींत नाही, त्या जातीच्या भूकंपापुढे पद्धत टिकेल की नाही, हे केवळ जुन्या नोंदींवरून ठरत नाही. दुसरे असे की, महत्तेचा आकडा किती अचूक आला, हा खरा निकष नव्हे. विवक्षित ठिकाणच्या माणसास मेजाखाली शिरण्याइतका वेळ हादऱ्यापूर्वी मिळाला काय, या प्रश्नाचे उत्तर ठिकाणवार मांडल्यावाचून कोणत्याही पद्धतीची परीक्षा पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही.