सोन्याच्या टोकाची काठी आणि थकलेला पगार

वारीतला चोपदार तुम्ही पाहिला असेल. त्याने हातातला दंड वर केला की टाळ-मृदंग थांबतात, एवढा मोठा समाज गप्प होतो. त्या दंडाने तो कुणाला मारत नाही. सगळे त्याचा मान राखतात, एवढंच त्याचं बळ.

आपल्या सैन्यातही अशी एक मानाची काठी आहे. तिला बॅटन म्हणतात. आखूड, टोकाला सोनं असलेली. ती मिळते फक्त फील्ड मार्शलला. हा हुद्दा जनरलच्याही वरचा. लढाईत तिचा काही उपयोग नाही, समारंभात गणवेशावर ती हातात धरायची. खांद्यावरही तीच खूण येते: कमळांच्या वेढ्यात बॅटन आणि तलवार एकमेकींवर आडव्या, वर आपले चार सिंह.

आजवर दोघांनाच हा मान मिळाला. करिअप्पा हे आपले पहिले भारतीय सरसेनापती. १५ जानेवारी १९४९ ला त्यांनी इंग्रज अधिकाऱ्याकडून सूत्रं घेतली, म्हणून त्या दिवशी आपण सेना दिन पाळतो. पण हा हुद्दा त्यांना निवृत्तीनंतर ३३ वर्षांनी, १९८६ साली मिळाला.

त्यांच्याआधी मिळाला तो सॅम मानेकशॉ यांना. १९७१ च्या युद्धात ते सेनाप्रमुख होते. १३ दिवसांत युद्ध संपलं, बांगलादेश स्वतंत्र झाला. (त्यांच्या पत्नी सिल्लू मुंबईत शिकलेल्या, जे. जे. कला महाविद्यालयातल्या. हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.) जानेवारी १९७३ मध्ये राष्ट्रपती गिरी यांनी राष्ट्रपती भवनात त्यांच्या हाती बॅटन दिली.

आता खरी गोष्ट ऐका. फील्ड मार्शल कधी निवृत्त होत नाही. मरेपर्यंत तो नोकरीतच धरला जातो, म्हणून त्याला पेन्शन नव्हे तर पूर्ण पगार मिळायला हवा. मानेकशॉंना काठी मिळाली, सलामी मिळाली, पण हक्काचे पूर्ण पैसे मिळाले नाहीत. तेही थोडेथोडके नाही, ३० वर्षांहून जास्त काळ! ज्याला अख्खा देश ओळखतो त्याची ही गत. मग गटाचं काम करणाऱ्या ताईला हार घालतात, पहिल्या रांगेत बसवतात आणि मानधनाचं विचारलं की "बघू" म्हणतात, याचं नवल ते काय? माझ्या मते हार घेतानाच विचारावं: आदेश लेखी आहे का, रक्कम किती, खात्यावर कधी? यात कमीपणा नाही.

शेवटी राष्ट्रपती अब्दुल कलाम तमिळनाडूतल्या वेलिंग्टनला आजारी मानेकशॉंना भेटले आणि त्यांनी या प्रकरणात लक्ष घातलं. २००७ साली थकबाकीचा धनादेश निघाला, सुमारे १ कोटी ३० लाख रुपयांचा. तेव्हा मानेकशॉ ९३ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, २७ जून २००८ ला, ते वारले.