गाळा उघडा, पण शीतगृहातून माल येईना
वेबसाईटचे पान मध्येच कोरे का राहते?

रमजान महिना जवळ आला की वाशीच्या बाजारात खजुराच्या गाळ्यांवर कोणाला फुरसत नसते. पूर्वी मागणी चिठ्ठीने किंवा टेलिफोनवर येई. आता पनवेल, मुंब्रा, महाडचा किरकोळ दुकानदार मोबाईलवर दर पाहतो व तेथेच पेट्या नोंदवतो. अशा ऐन घाईत दर दिसतात, चित्रे दिसतात, मात्र ‘मागणी नोंदवा’ हे बटण दाबताच पान कोरे पडते. साईट बनविणाऱ्यास फोन केला तर उत्तर ठरलेले, ‘शेठ, आमच्याकडे तर चालतंय.’ नवल असे की तो बहुधा खोटे बोलत नसतो. तोपर्यंत गिऱ्हाईक मात्र शेजारच्या गाळ्यावर गेलेले असते.

हा दोष समजण्यास संगणकाचे शिक्षण लागत नाही, बाजाराची रीत ठाऊक असली म्हणजे पुरे. गाळ्यावर आपण सगळा माल मांडत नाही. नमुना ठेवतो आणि सौदा झाला की चिठ्ठी देऊन तुर्भ्याच्या शीतगृहातून पेट्या मागवतो. अँग्युलर, रिॲक्ट, व्ह्यू असे जे तयार सांगाडे (त्यांना फ्रेमवर्क म्हणतात) वापरून आजच्या वेबसाईट उभ्या राहतात, त्यांत हीच रीत आहे. प्रथम पहिले पान दाखविण्यापुरता कोड मोबाईलवर उतरतो. मागणीचा, हिशेबाचा, पैसे भरण्याचा कोड वेगवेगळ्या तुकड्यांत सर्व्हरवर असतो व गरज पडेल तेव्हाच येतो. या तुकड्यांना मॉड्यूल म्हणतात. पान लवकर उघडते व गिऱ्हाइकाचा डेटा वाचतो, हा त्यातील फायदा होय. पण चिठ्ठी आणि माल यांचा मेळ बसला नाही की बटण दाबूनही काही येत नाही.

सर्वांत जास्त घडणारा घोटाळा लॉट नंबरचा. प्रत्येक तुकड्याच्या फाईलच्या नावात काही अक्षरे-आकडे जोडलेले असतात. कोड बदलला की ती अक्षरे बदलतात, जसा नव्या मालाचा लॉट नंबर नवा. समजा, महाडच्या दुकानदाराने सकाळी दहाला साईट उघडून तशीच ठेवली. त्याच्या मोबाईलमधील पानाला जुने लॉट नंबर ठाऊक आहेत. बारा वाजता कारागिराने नवी आवृत्ती चढवली आणि जुन्या फाईली पुसून टाकल्या. एक वाजता दुकानदार बटण दाबतो, जुना नंबर मागितला जातो आणि सर्व्हर सांगतो, ‘असा लॉट नाही’, म्हणजेच ४०४. कारागिराने मात्र आपल्या लॅपटॉपवर साईट नुकतीच नव्याने उघडलेली असते. त्याच्याकडे चालते ते यामुळेच.

यावर उपाय असा की जुन्या फाईली लगेच पुसू नयेत, आठवडाभर तरी राहू द्याव्यात. मुख्य पान मोबाईलने साठवलेले न वापरता प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारून घ्यावे, अशी सूचना सर्व्हरवर द्यावी. लॉट नंबर असलेले तुकडे खुशाल साठवू द्यावेत, कारण बदल झाला की नावच बदलते. तुकडा न मिळाल्यास पान आपोआप एकदा ताजे व्हावे, अशीही सोय करता येते. एकदाच, हे महत्त्वाचे, नाहीतर पान उघडझाप करीत बसते. आणि ताजे करण्यापूर्वी अर्धी भरलेली मागणी जपून ठेवली पाहिजे. चाळीस ओळींची यादी पुन्हा लिहिण्याइतका सबुरीचा गिऱ्हाईक आम्ही तरी पाहिलेला नाही.

कधी सर्व्हर ‘नाही’ म्हणण्याऐवजी फाईलच्या जागी मुख्य पानच पाठवतो. खजूर मागवले आणि बाजाराचा नकाशा आला, त्यातला प्रकार. तेव्हा ब्राउझर ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ असे म्हणून पुढे < हे चिन्ह दाखवतो. हे चिन्ह दिसले की कोडच्या जागी पान आले, असे बहुतेक वेळा समजावे. आणखी एक क्षुल्लक पण त्रासदायक कारण म्हणजे इंग्रजीतील मोठी-लहान अक्षरे. विंडोजवर ‘ऑर्डर’ शब्द मोठ्या अक्षराने लिहिला काय, लहान लिहिला काय, फाईल सापडते. लिनक्स सर्व्हरवर त्या दोन वेगळ्या फाईली होत.

एक दोष मात्र याहून फसवा, कारण पान कोरे राहत नाही. वर पिशवीत तीन वस्तू दिसतात आणि मागणीच्या पानावर पिशवी रिकामी! अँग्युलरमध्ये पिशवीचा हिशेब ठेवणारी सेवा मुख्य भागात नोंदवली आणि मागाहून उतरणाऱ्या मॉड्यूलमध्येही पुन्हा नोंदवली, तर तिच्या दोन प्रती तयार होतात. एका दुकानात दोन खातेवह्या झाल्या. अशी सेवा मुळाशी एकदाच नोंदवावी. त्यासाठीची सोपी सोय अँग्युलरच्या सहाव्या आवृत्तीत, २०१८ साली आली.

दोष शोधायचा कसा? संगणकावर क्रोममध्ये साईट उघडून एफ-१२ दाबावे, ‘नेटवर्क’ हा विभाग निवडावा आणि मग अडणारे बटण दाबावे. जी ओळ लाल होईल ती फाईल आली नाही. लाल ओळ नसेल तर त्या फाईलवर क्लिक करून आत कोड आला की पान, ते पाहावे. तीच साईट खाजगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोत उघडावी. तेथे चालली तर संशय साठवलेल्या जुन्या मालावर, तेथेही अडली तर सर्व्हरवर. लाल ओळीचे छायाचित्र व वेळ कारागिराला पाठवल्यास ‘आमच्याकडे चालतंय’ हे उत्तर येत नाही.

काही कारागीर तुकडे स्वतःच्या सर्व्हरवर न ठेवता परक्या ठिकाणाहून थेट आणतात. २०२४ साली पॉलिफिल नावाच्या अशाच एका सेवेचा पत्ता दुसऱ्या मालकाकडे गेला आणि जूनमध्ये तेथून घातक कोड येत असल्याचे उघडकीस आले. एक लाखाहून अधिक वेबसाईट त्या पत्त्यावर विसंबून होत्या. तेव्हा महाप्यात असो की घरच्या पोटमाळ्यावर, साईट बनवून घेताना फाईली कोठे राहतील, सर्व्हर कोणाच्या नावावर असेल आणि नवी आवृत्ती किती वाजता चढेल, हे कराराच्या कागदावरच लिहून घ्यावे. रात्री दोनची वेळ बरी. शुक्रवारची दुपार नको आणि चाँदरात तर मुळीच नको.