पोर्ट कधी मिळणार?

एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनला कॉल लावला की तो कुठल्या तरी थंडगार खोलीतल्या लोखंडी फ्रेमवर सीमा ओलांडतो. फ्रेमच्या एका अंगाला आमच्या केबली, दुसऱ्या अंगाला त्यांच्या, मधे जोडणी. या जागेला आम्ही पीओआय म्हणायचो, म्हणजे पॉइंट ऑफ इंटरकनेक्शन. पुण्यात एका मोबाइल कंपनीच्या इंटरकनेक्ट विभागात मी बरीच वर्षं काढली. नातेवाइकांना वाटायचं, ही टॉवर उभे करते. मी पत्रं लिहीत असे.

जोडणीचं माप ई-वन. एका ई-वनमध्ये ३२ कप्पे असतात. नेहमीच्या पद्धतीत एक वेळ जुळवायला, एक सिग्नलिंगला आणि ३० बोलण्याला. विभागात नवा मुलगा आला की हमखास म्हणायचा, मॅडम, तीस मार्ग आहेत ना, मग तीस कॉलपर्यंत काळजी कशाला? पण लोक ठरवून, एकामागून एक फोन करत नाहीत. संध्याकाळी सगळे एकदम करतात. दूरसंचार नियामक ट्रायचा निकष असा की गर्दीच्या तासाला पीओआयवर हजारातले पाचापेक्षा जास्त कॉल अडकता कामा नयेत. डेन्मार्कच्या एर्लांग या गणितज्ञाच्या कोष्टकात हा निकष धरून पाहिलं, तर तीस मार्गांवर सरासरी १९च कॉल पेलतात. दोन ई-वन एकत्र बांधले तर साठ मार्गांवर मात्र पंचेचाळीसच्या आसपास. या आकड्यांतच लहान कंपनीचं दुखणं आहे. थोडे मार्ग असले की त्यांतला मोठा हिस्सा मोकळा राखावा लागतो. तो राखला नाही तर ग्राहकाचे कॉल अडतात, आणि ग्राहक शिव्या देतो त्या आपल्याच कंपनीला. समोरच्या कंपनीने पोर्ट, म्हणजे ई-वन जोडायच्या जागा, दिलेले नाहीत हे त्याला कुठून कळणार?

म्हणून पत्रं. गेल्या काही महिन्यांच्या गर्दीच्या तासाचे आकडे काढायचे, पुढचा अंदाज बांधायचा, सर्कलवार तक्ता करायचा आणि अमुक ठिकाणी इतके ई-वन वाढवून द्या म्हणून लिहायचं. मुंबई हे वेगळं सर्कल, आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरं. त्यामुळे तक्तेही दोन. उत्तर येई, पण त्यात ‘नाही’ हा शब्द कधीच नसे. नाही म्हणायची सोयच नव्हती, परस्परांना जोडून देणं हे परवान्यातच लिहिलेलं. मग उत्तरं अशी: फ्रेमवर जागा नाही. कार्ड मागवलं आहे. तुमचा अंदाज जुन्या नमुन्यात आहे, नव्या नमुन्यात पाठवा. मागच्या बिलातली वादाची रक्कम आधी भरा. आमच्याकडे लहान कंपन्यांची मागणी आली की आमची उत्तरंही फार वेगळी नसत. उशीर हे या धंद्यातलं सगळ्यांत स्वस्त हत्यार होतं, त्यावर कुणाची सही लागत नसे.

पोर्ट मिळाल्यावरचं काम मला आवडायचं. केबल फ्रेमवर आली की आधी लूप करून पाहायचं, पाठवलेलं जसंच्या तसं परत येतं का. मग दोन्हीकडचे इंजिनीअर फोनवर एकमेकांना धरून एकेक मार्ग तपासणार. एखादा मुका निघे, एखाद्यावर एकाच बाजूचं बोलणं ऐकू येई, क्वचित दोन जोड्या उलट्या बसलेल्या असत. वरच्या मजल्यांवर वकिलांच्या नोटिसा चालू असल्या तरी फ्रेमशी उभे असलेले दोघे एकमेकांना ‘साहेब, जरा पुन्हा टोन द्या’ असंच म्हणत.

या सगळ्यावर नियामक हवा कशाला, दोन कंपन्यांनी आपसात ठरवावं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी सुरुवातीचा काळ आठवावा. सरकारचा दूरसंचार विभाग स्वतः फोन चालवत होता आणि स्पर्धकांना परवानेही तोच देत होता. १९९७च्या कायद्याने ट्राय आली. २०००च्या दुरुस्तीने वाद सोडवायला टीडीसॅट हा वेगळा न्यायाधिकरण-मंच आला आणि जुन्या परवान्यांत काहीही लिहिलेलं असलं तरी परस्परजोडणीच्या अटी ट्राय ठरवू शकते, असं कायद्यात आलं. कंपन्यांचे करार ट्रायकडे नोंदवण्याचा नियम १९९९चाच आहे.

दुसरी बाजू पैशाची. मे २००३पासून मोबाइलवर येणारा कॉल फुकट झाला, लावणाऱ्यानेच पैसे द्यायचे असं ठरलं. मग ज्याच्या नेटवर्कवर कॉल संपतो त्याला लावणाऱ्याच्या कंपनीकडून काही तरी मिळायला हवं. हा आययूसीमधला, म्हणजे परस्परजोडणीच्या वापराच्या शुल्कातला, टर्मिनेशन दर. २००४पासून तो मिनिटाला ३० पैसे होता, २००९मध्ये २०, २०१५मध्ये १४. महिनाअखेरीला दोन्ही कंपन्यांच्या कॉल-नोंदी समोरासमोर ठेवल्या की आकडे कधी तंतोतंत जुळत नसत. एका एक्स्चेंजचं घड्याळ जरा पुढे असे, महिन्याच्या शेवटच्या रात्री बाराच्या ठोक्यावर चालू असलेला कॉल कुणी या महिन्यात धरी, कुणी पुढच्या. फरक लहान असला तर सोडून द्यायचा, मोठा असला तर पुन्हा पत्र.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झाली, बोलणं फुकट, आणि हे घरगुती भांडण देशभर गाजलं. जिओचे कॉल बाहेर इतके जायला लागले की पीओआय तुंबले. जिओ म्हणाली, मुद्दाम पोर्ट देत नाहीत. जुन्या कंपन्या म्हणाल्या, फुकट कॉलचा पूर आम्ही का झेलायचा, आणि पोर्ट द्यायला करारात ९० दिवस आहेत. त्या नव्वद दिवसांचं म्हणणं कागदावर चूक नव्हतं. पण नव्या कंपनीची पत सुरुवातीच्या तेवढ्याच दिवसांत ठरते, हे ते म्हणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ट्रायने २१ ऑक्टोबरला एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियावर मिळून ३,०५० कोटी रुपये दंडाची शिफारस केली, बहुतेक सर्कलमागे ५० कोटी. दूरसंचार विभागाने त्याच्या मागणी नोटिसा काढल्या २०२१मध्ये. मधल्या काळात आयडिया आणि व्होडाफोन एक कंपनी झाल्या होत्या. उशिराबद्दलचा दंडही इतका उशिरा!

याच वादात स्पर्धा आयोगानेही चौकशी सुरू केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती २०१७मध्ये रद्द केली, आणि डिसेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तांत्रिक बाजू आधी ट्रायने तपासावी, आयोगाची पाळी नंतर.

माझ्या मते या सगळ्यातून निघालेली कामाची गोष्ट दंड नव्हे. ती आहे १ फेब्रुवारी २०१८पासून लागू झालेली परस्परजोडणी नियमावली. मागणी आल्यापासून ३० दिवसांत करार करायचा, सगळ्यांना सारख्या अटींवर. पोर्ट वाढवून द्यायलाही मुदत ठरली. मोडली तर सर्कलमागे दिवसाला एक लाख रुपयांपर्यंत भुर्दंड. लाख रुपये या कंपन्यांना काहीच नाहीत, हे खरं. पण उशीर आता तारखेत मोजता येतो आणि पत्राखाली कुणाला तरी सही करावी लागते.

पैशांचं भांडण मात्र आणखी काही काळ चाललं, आणि त्यात एक मजेदार प्रकार झाला. ऑक्टोबर २०१७पासून दर सहा पैशांवर आला होता. २०१९मध्ये कंपन्यांनी रिंग वाजण्याचा वेळच आखडता घेतला. फोन पंचवीसएक सेकंदांत तुटला की मिस्ड कॉल पडतो, समोरचा उलट फोन करतो, आणि सहा पैसे द्यायचे ते यायला लागतात! भारतीय माणसाची मिस्ड कॉलची सवय हिशेबात धरून कुणी तरी टायमर फिरवला होता. शेवटी ट्रायला रिंग किती वाजावी हेही ठरवावं लागलं: मोबाइलवर ३० सेकंद, लँडलाइनवर ६०. १ जानेवारी २०२१पासून देशातल्या मोबाइल कॉलचा हा दर शून्य झाला आणि टायमरशी खेळण्यातला नफा संपला. परदेशातून येणाऱ्या कॉलचा दर राहिला, त्याची बिलं अजून फिरतात.

पोर्टांचा प्रश्न दर शून्य केल्याने सुटत नाही, तो मुदत पाळली जाते का यावर अवलंबून असतो. तिथे वाचकांनाही थोडं काम आहे. ‘या मार्गावरच्या सर्व लाइनी व्यस्त आहेत’ असं एकाच कंपनीच्या नंबरांना फोन करताना वारंवार ऐकू आलं, तर रेंज नाही म्हणून सोडून देऊ नका. वेळ, लावलेला नंबर आणि त्याची कंपनी लिहून ठेवा, आपल्या कंपनीकडे तक्रार करून डॉकेट क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. ट्राय एकट्यादुकट्याची तक्रार सोडवत नाही. पण तुमचा डॉकेट कंपनीच्या नोंदीत राहतो, आणि इंटरकनेक्ट विभागातल्या कुणाला तरी पुढचं पत्र लिहिताना तो जोडता येतो.