गळाचें रीळ बदलावें काय?

कोणतेंहि नवें अवजार बाजारांत आलें म्हणजे तें घेण्याजोगें आहे कीं नाहीं, हा प्रश्न शेतकऱ्यापुढें उभा राहतो. लोखंडी नांगर प्रथम आला तेव्हां लोखंडानें जमीन नासते असें म्हणणारे लोक होते. परंतु लाकडी नांगरानें न होणारी खोल नांगरट त्या नांगरानें होते हें प्रत्यक्ष दिसल्यावर ती शंका मावळली, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगरास गांवोगांवहून मागणी येऊं लागली. अवजाराची परीक्षा करण्याची खरी रीत हीच होय. जुन्यानें जें काम होत नव्हतें तें नव्यानें होतें काय, आणि त्या कामाची आपणांस गरज आहे काय, या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे किंमतीचा प्रश्न सोडविणें सोपें जातें.

हीच कसोटी आज एका लहानशा वस्तूस लावून पाहण्याचें योजिलें आहे. ती वस्तु म्हणजे गळाच्या काठीवरील दोरा गुंडाळण्याची चरखी, जिला बाजारांत रीळ म्हणतात. पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेच्या कांठीं वसलेल्या खराडीसारख्या गांवीं मासे धरणें हें पूर्वीं मुख्यतः भोई मंडळींचें काम असे. शेतकऱ्याचा मुलगा फार तर वेळूच्या काठीस दोरा बांधून डोहाकांठीं बसे. आतां शेततळीं झालीं, धरणांच्या फुगवट्यापर्यंत जाण्यास वाहनें झालीं, कित्येकांच्या हातीं थोडा पैसा आणि सवडहि आली. त्यामुळें रिळाची काठी अनेक घरांत दिसूं लागली आहे. दुकानांत हीं रिळें कांहीं शें रुपयांपासून कित्येक हजार रुपयांपर्यंत मिळतात. तेव्हां जवळचें साधें रीळ टाकून भारी रीळ घ्यावें काय, याचा विचार हौसेवर न सोडतां हिशेबानें केलेला बरा.

रीळ ही वस्तु तशी नवी नव्हे. चीनमधील मा युआन या चित्रकाराच्या सन ११९५ च्या सुमारच्या चित्रांत होडींत बसलेल्या माणसाच्या काठीवर रीळ दिसतें. आज आपल्याकडे जें रीळ सर्वांत अधिक वापरांत आहे, म्हणजे ज्याची फिरकी स्थिर राहते व तिच्याभोंवतीं दोरा गुंडाळला जातो, त्याचें पेटंट इंग्लंडांतील ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनीं १९०५ सालीं घेतलें. या रचनेंत गळ फेंकतांना फिरकी फिरावी लागत नाहीं. दोरा तिच्या तोंडावरून सुटत जातो. म्हणून हलकें आमिषहि दूर फेंकतां येतें. ही मूळ सुधारणा आज अगदीं स्वस्त रिळांतहि असते, हें प्रथम ध्यानांत ठेवावें.

रिळाचीं कामें तीन. दोरा सांठविणें हें पहिलें, तो परत गुंडाळणें हें दुसरें, आणि मासा जोरानें पळूं लागला असतां दोरा तुटूं न देतां सोडणें हें तिसरें. पहिलीं दोन कामें स्वस्त रीळहि बऱ्यापैकीं करतें. फरक पडतो तो तिसऱ्या कामांत. फिरकीजवळ एकावर एक बसविलेल्या चकत्यांचा एक ब्रेक असतो. तो जितका आवळावा तितकी दोरा सुटण्यास ओढ अधिक लागते. दोरा ५ किलो वजन पेलणारा असेल, तर तो सव्वा ते दीड किलोच्या ओढीस सुटूं लागावा असा ब्रेक लावण्याची रीत आहे. बाकीचें बळ गांठीसाठीं आणि अचानक बसणाऱ्या हिसक्यासाठीं राखून ठेवावयाचें.

बैलगाडी एकदां चालूं लागली म्हणजे तिला ओढण्यास फारसा जोर लागत नाहीं. पण उभी गाडी हलविण्यास बैलांस मान घालावी लागते. हलक्या ब्रेकचें तसेंच आहे. सुटूं लागण्यापूर्वीं तो चिकटून बसतो आणि मग एकदम सैल होतो. मोठ्या माशाची पहिली धांव या चिकटण्याच्या क्षणींच येते व दोरा तुटतो. चांगल्या रिळाचा ब्रेक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्या ओढीनें सुटतो. तेल दिलेल्या नमद्याच्या चकत्या हलक्या ओढीस मऊपणानें सुटतात, तर कार्बनच्या चकत्या घर्षणाची उष्णता अधिक सोसतात. भारी किंमतीचा खरा मोबदला येथें मिळतो.

येथें आणखी एक गोष्ट समजून घ्यावी, कारण तिला पैसा लागत नाहीं. ब्रेक तितकाच आवळलेला असला तरी फिरकीवरील दोरा जसजसा कमी होतो तसतशी दोऱ्यावरची ओढ वाढते. भरलेल्या फिरकीचा व्यास ४ सें. मी. असतां दोरा दीड किलोस सुटत असेल, तर दोरा निघून व्यास ३ सें. मी. राहिल्यावर त्यास २ किलो ओढ लागेल. म्हणून फिरकी अर्धवट भरलेली ठेवूं नये. कांठापासून सुमारें दोन मिलिमीटर जागा राहील इतका दोरा भरावा. फिरकी पुरी न भरल्यामुळें फेंक कमी पडते व दोरा तुटतो, आणि दोष मात्र रिळास दिला जातो.

पेटीवर ५.२:१ असा आंकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ दांड्याचा एक फेरा झाला असतां फिरकीभोंवतीं दोऱ्याचे ५.२ वेढे पडतात. फिरकीवर व्यास ४.५ सें. मी. असेल तर एक वेढा सुमारें १४ सें. मी. चा, म्हणजे एका फेऱ्यांत सुमारें ७३ सें. मी. दोरा परत येतो. ७:१ चें रीळ याहून जलद गुंडाळतें खरें, परंतु तें फिरविण्यास जोर अधिक लागतो. सायकलचें मागचें दांतेरी चाक लहान असलें म्हणजे चढावर जसें जड जातें तसेंच हें होय. कणकेची गोळी लावून रोहूची वाट पाहात बसणाऱ्यास या जलदपणाचा कांहींच उपयोग नाहीं. खोटें आमिष पाण्यांतून सारखें ओढीत मरळ धरूं पाहणाऱ्यास तो थोडासा उपयोगी पडेल.

बेअरिंगांच्या संख्येवरून विक्रेते फार बोलतात. मुख्य दांतेरी चाक, त्याचें जोडचाक आणि दोरा जिच्यावरून वळतो ती घिरटी, एवढ्या ठिकाणीं चांगलीं बेअरिंगें असलीं म्हणजे गोड्या पाण्यांतील कामास तीं पुरतात. दहा हलकीं बेअरिंगें असण्यापेक्षां तीन चांगलीं असणें बरें. सांगाड्याकडे मात्र पाहावें. नुसत्या प्लास्टिकचा हलका सांगाडा जोराची ओढ बसली कीं किंचित् वांकतो, आंतील चाकांचे दांते एकमेकांस नीट भिडत नाहींत, आणि झीज सुरू होते.

आतां हिशेब पाहूं. पुढील आंकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. ज्यानें त्यानें आपले घालावे. समजा, एक रीळ ६०० रुपयांचें असून तें २० खेपा टिकतें. दुसरें ३,००० रुपयांचें असून १२० खेपा टिकतें. तिसरें १२,००० रुपयांचें असून २०० खेपा टिकतें. पहिल्याचा खर्च दर खेपेस ३० रुपये, दुसऱ्याचा २५ रुपये, तिसऱ्याचा ६० रुपये. वरवर पाहतां मधलें रीळ सर्वांत स्वस्त पडतें. पण जो गृहस्थ वर्षांतून चारच वेळां पाण्यावर जातो, त्यास १२० खेपा पुऱ्या करण्यास तीस वर्षें लागतील. तोंपर्यंत आंतील ग्रीस सुकून रीळ आपोआपच निकामी होईल. अशा मनुष्यास साधें रीळच पुरे. जो महिन्यांतून दोनदां तीनदां जातो त्यास मधलें रीळ चार पांच वर्षांत आपली किंमत फेडून देतें. सर्वांत भारी रीळ घेणें हा गोड्या पाण्यांत बहुधा शोकाचाच खर्च होय. शोक करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं, पण तो शेतीच्या खर्चांत धरूं नये इतकेंच.

रीळ बदलण्यापूर्वीं आहे त्याची परीक्षा अवश्य करावी. काठी कोणाकडून तरी घट्ट धरवून दोऱ्याचें टोंक ताणकांट्यास बांधावें आणि हळूहळू ओढावें. दोरा सुटूं लागतांना कांटा कोठें होता आणि सुटत असतां कोठें राहतो, हे दोन आंकडे लिहून घ्यावे. दोहोंत थोडाच फरक असेल तर ब्रेक निर्दोष आहे व नव्या रिळाचें कारण नाहीं. फरक मोठा असेल तर चकत्या काढून पुसाव्या व त्यांच्या जातीस लागेल तें वंगण द्यावें. बऱ्याच रिळांचा दोष एवढ्यानेंच जातो. नंतर दोरा पाहावा. उन्हांत पडून तंगूस ठिसूळ होतो. खरबरीत झालेला दोरा, बोथट गळ आणि घाईनें मारलेली गांठ यांच्यापुढें कितीहि किंमतीचें रीळ व्यर्थ आहे. साखळी तिच्या सर्वांत अशक्त कडीइतकीच बळकट असते. म्हणून पहिला रुपया त्या कडीवर खर्च करावा.

इतकें झाल्यावर शेवटचा, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा, प्रश्न उरतो. रिळाचा ब्रेक कामास येण्यास पाण्यांत ओढणारा मासा असावा लागतो. खराडीच्या कांठावर तो आहे काय?

एके काळीं तो होता. मुंबई सरकारच्या नोकरींतील कर्नल साइक्स यांनीं दख्खनच्या माशांचें वर्णन १८३९ सालीं प्रसिद्ध केलें. ज्यास शास्त्रज्ञ टॉर खुद्री म्हणतात, त्या दख्खनी महसीर माशाचें पहिलें शास्त्रीय वर्णन त्यांनीं पुण्याच्या पूर्वेस याच मुळामुठेंत मिळालेल्या माशांवरून केलें. जोरकस धांव घेणारा हा मासा गळ टाकणाऱ्यांत जगभर नांवाजलेला आहे. पुढें १९४२ सालीं ए. जी. एल. फ्रेझर यांनीं पुण्याच्या माशांची यादी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत छापली. त्यानंतर शहर वाढलें, वरच्या अंगास धरणें झालीं, नदीचा ओघ उणावला आणि त्याची जागा सांडपाण्यानें घेतली. खराडी १९९७ सालीं पुणें महानगरपालिकेंत आली. आज या पात्रांत गळास लागते ती मुख्यतः चिलापी. ती बाहेरून आणलेली जात असून घाण पाण्यांतहि तग धरते. तिला धरण्यास वेळूची काठी पुरते, आणि अशा पाण्यांतील मासा खाणें आरोग्यास हितकारक नव्हे. येथें भारी रिळावर खर्च केलेला पैसा पाण्यांतच गेला म्हणावयाचा.

नदी सुधारण्यासाठीं जपानच्या कर्जसाह्याची सुमारें ९९० कोटी रुपयांची योजना २०१६ सालीं मंजूर झाली. खालच्या अंगास मांजरी, थेऊर व लोणी येथील शेतकरी ज्या नदीवर बागाईत करतात ती हीच नदी असल्यामुळें, शुद्धीकरणाचें काम किती झालें, आपल्या गांवाच्या नाल्याचें पाणी कोठें जातें, हें विचारणें कांठच्या प्रत्येक खातेदाराचें कामच आहे. महसीर तर पुन्हां वाढवितां येतो. लोणावळ्यास वळवण तलावाजवळ टाटा कंपनीच्या केंद्रांत सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांच्या खटपटीनें १९७० नंतर त्याची कृत्रिम पैदास साधली आहे. परंतु बीज सोडण्यास आधीं पाणी निर्मळ पाहिजे.

ज्यांस गळाचा नाद आहे त्यांनीं धरणांच्या फुगवट्यावर जावें. मात्र तलावांतील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, म्हणून तिची परवानगी घ्यावी. पावसाळ्यांत मासे चढणीस लागतात, त्या दिवसांत गळ घरींच ठेवावा. महसीर लागल्यास सोडून द्यावा.

शेततळ्याविषयीं दोन शब्द. ‘मागेल त्याला शेततळें’ या २०१६ च्या योजनेंत सर्वांत मोठें तळें ३० × ३० मीटरचें, म्हणजे सुमारें नऊ गुंठ्यांचें, होतें. एवढ्या पाण्यांत दूर फेंकण्याची गरजच नाहीं. प्लास्टिकचें अस्तर असल्यास गळानें व शिशाच्या वजनानें त्यास भोंक पडण्याचें भय असतें, आणि एका भोंकाचें नुकसान रिळाच्या किंमतीहून अधिक होतें. रोहू-कटल्याचें उत्पन्न काढावयाचें तें ओढजाळ्यानें. काठीनें निघणारे चार मासे हें उत्पन्न नव्हे. यास्तव तळ्याच्या धन्याजवळ तीन हजार रुपये असतील तर त्यानें ते चांगलें जाळें, खाद्य आणि निरोगी बोटुकली यांवर घालावे.

तात्पर्य, वर्षांतून चार वेळां जाणाऱ्यानें आहे तेंच रीळ साफ करून वापरावें. वारंवार जाणाऱ्यानें, ब्रेक परीक्षेंत उतरत नसेल तरच, मध्यम किंमतीचें घ्यावें. आणि ज्याच्या कांठचें पाणीच मेलें आहे त्यानें रिळाचा विचार पुढें ढकलून पाण्याचा विचार करावा. ज्या वाचकांनीं आपल्या रिळाची ताणकांट्यावर परीक्षा केली असेल त्यांनीं ते दोन आंकडे, रिळाची किंमत व आजपर्यंतच्या खेपा यांसह मासिकाकडे कळवावे, म्हणजे वरील उदाहरणांतील आंकड्यांच्या जागीं प्रत्यक्ष अनुभवाचे आंकडे घालतां येतील.