चेंबरचं झाकण

बँकेत असताना दुकानांतल्या तारणमालाची पाहणी करायला जायचो. पोती मोजायची, साठ्याची वही ताडून पाहायची. दारातल्या चेंबरसाठी त्या कागदात रकानाच नव्हता. कोल्हापुरात लक्ष्मीपुरी, शाहूपुरीच्या व्यापाऱ्यांना तो रकाना २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी शिकवला. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, मागं फिरतं. जुन्या इमारतीत ते मोरीतूनही वर येतं.

पूर ओसरतो, घाण उरते. आधी वीज बंद करावी, मग गाळ काढावा, साबणानं धुवावं, शेवटी ब्लिचिंग पावडर. गाळावरच टाकलेली पावडर गाळातच खर्ची पडते. भिजलेलं धान्य फेकूनच द्यावं.

इथवर दुकानदाराचं काम. तुंबलेल्या चेंबरमध्ये मात्र घाईपोटी कुणाला पैसे देऊन उतरवू नये. आतल्या वायूला कुजक्या अंड्याचा वास असतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, वास थांबतो आणि माणूस कोसळतो. संरक्षक साधनांवाचून असं उतरवणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये ३० लाख रुपये ठरवली.

महापालिकेचं यंत्र येईपर्यंत शटर बंद राहू द्या. दोन दिवसांची विक्री दिवाळीपर्यंत भरून निघते.