दिवाळखोरीची सोय, पण कुणासाठी?

2016 साली दिवाळखोरी संहिता आली तेव्हापासून एक समज रुजला आहे, की बड्या कंपन्यांप्रमाणे आता कर्जात बुडालेल्या साध्या माणसालाही रीतसर सुटका मागता येते. संहितेचा तिसरा भाग व्यक्तींसाठी आहे, हे खरे. पण 1 डिसेंबर 2019 पासून तो लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता; बाकीच्यांसाठी तो कागदावरच आहे. म्हणून मुंबईतल्या वाकोल्यातल्या कर्जबाजारी शिंप्याला अजूनही 1909च्या दिवाळखोरी कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालय गाठावे लागते, आणि मुलुंडचा नाका ओलांडून ठाण्यात राहणाऱ्याला 1920चा वेगळाच कायदा लागतो. 1909च्या कायद्यात दिवाळखोराकडे काय राहू द्यायचे तेही ठरलेले आहे: धंद्याची हत्यारे, कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी आणि घरसामान, सगळे मिळून 300 रुपयांचे. यात शिलाई मशीन कुठून बसणार?

तिसरा भाग सुरू झाला की प्रश्न मिटेल, हा दुसरा समज. त्यात छोटे कर्ज माफ करून नव्याने सुरुवात करू देणारी तरतूद आहे. पण वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांच्या आत, मालमत्ता 20,000च्या आत, कर्ज 35,000च्या आत, आणि स्वतःचे घर नको. महिना 5,000 रुपये मिळवणारा वाकोल्यात भाडे भरणार की जेवणार? झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत खोली मालकीची झालेला तर आधीच बाद. उलट सूक्ष्मकर्जासाठी रिझर्व्ह बँक 3 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाचे कुटुंब पात्र धरते. कर्ज देताना अल्प उत्पन्नाचे असलेले कुटुंब सुटका मागताना एकदम सधन कसे होते, हे काही समजत नाही.

सवलत दिली की लोक मुद्दाम बुडवतील, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण त्याची तजवीज संहितेतच आहे. दिवाळखोर ठरलेल्याला परवानगीशिवाय परदेशी जाता येत नाही, कंपनीचे संचालकपद किंवा लोकनियुक्त पद मिळत नाही. पोटगी, दंड आणि शैक्षणिक कर्ज यांना माफीच नाही. शिवाय हा वाद जुना आहे. सावकारांविरुद्धच्या 1875च्या दख्खनमधल्या दंग्यांनंतर 1879च्या दख्खन शेतकरी कायद्याने पैशांच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद केले, आणि सावकारी त्यानंतरही चालूच राहिली. नुसती ऐपत नाही म्हणून दिवाणी कैद नको, हे सर्वोच्च न्यायालयानेही 1980 साली सांगितले. तेव्हा तिसरा भाग सर्वांना लागू करायचा असेल, तर आधी संसदेने उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचे तीन आकडे आणि घराची अट बदलावी.